फळ्यावरचा रूट टू

आमच्या विषयाची मूळ अडचण अशी की त्यात काही साठवून ठेवता येत नाही. सूर्याच्या गाभ्याहूनही जास्त तापवलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य भांड्यात धरून ठेवायचा, म्हणजे त्यात अणुकेंद्रे जुळतील आणि ऊर्जा मिळेल, असा हा जगभर चाललेला खटाटोप आहे. त्या भांड्यातून उष्णता बाहेर कशी गळते याचे गणित करणे, एवढेच आमच्या गटाचे काम. उष्णता गळून जाते. मागे किस्से साठत राहतात.

यातले पहिले तीन किस्से मी गटात रुजू झालो त्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रणालीताईकडून ऐकले, विभागामागच्या टपरीवर, चहा उकळेपर्यंतच्या वेळात. मधले माझ्यासमोर घडले. शेवटचा यंदाच्या मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, मारोतभाऊंच्या तोंडून ऐकला. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच सांगतो.

गट म्हणजे चार माणसे. मार्गदर्शक ढोबळे सर, ज्यांचा आडनावाशी कोणताही संबंध नाही. चौथ्या दशांशस्थळासाठी ते संपूर्ण पान परत करतात. प्रणालीताई, पीएच.डी.च्या सातव्या वर्षात, म्हणजे वाढवून घेतलेल्या मुदतीत. मारोतभाऊ, विभागाचे परिचर, आम्हा सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेले. आणि मी. प्रणालीताईची मुदत यंदाच्या एप्रिलअखेर संपणार होती. तोवर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, असे पत्र तिने टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. ते वाचल्याशिवाय तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवता येत नसे.

*

एकदा तपासणी समिती आली. आदल्या दिवशी मारोतभाऊंनी खोली झाडली, फळा ओल्या फडक्याने पुसला आणि उजवीकडचा वरचा कोपरा तेवढा सोडून दिला. त्या कोपऱ्यात खडूच्या चौकटीत √2 असे लिहिलेले होते आणि खाली 'पुसू नये'. प्रणालीताई गटात आली तेव्हाही ते तिथेच होते. बी.एस्सी.च्या कुठल्यातरी तासाचा अवशेष असावा, असा सर्वांचा समज होता.

समितीचे अध्यक्ष आत आले आणि म्हणाले, "भाऊ, तो कोपरा राहिला."

"तो राहतेच," मारोतभाऊ म्हणाले.

मग अध्यक्षांनी सरांना विचारले, "प्लाझ्मा कुठे आहे?"

"गणितात."

"आणि यंत्र?"

"दुसऱ्यांचं आहे. ते मोजतात, आकडे पाठवतात. आम्ही त्यांचा अर्थ लावतो."

"मग इथे नेमकं काय आहे?"

सरांनी प्रामाणिकपणे खोलीभर नजर फिरवली. "कूलर आहे," ते म्हणाले. "तोही संगणकांसाठी."

अहवालात एक ओळ आली, असे प्रणालीताई सांगते. "प्रयोगशाळेत एक कूलर आढळला. प्लाझ्मा आढळला नाही." अहवाल मी स्वतः पाहिलेला नाही.

*

आमच्या क्षेत्रातली सर्वांत निराश करणारी गोष्ट सर हरभऱ्याच्या ढिगावरून समजावतात. ढिगावर वरून हरभरा ओतत राहिले की ढिगाचा उतार एका मर्यादेपर्यंत चढतो. त्यानंतर कितीही ओता, उतार जवळजवळ तेवढाच राहतो आणि जास्तीचे दाणे घरंगळून जातात. प्लाझ्माचेही तसेच आहे. मधोमध तापमान जास्त, कडेला कमी, असा त्याचा एक उतार असतो. आत कितीही उष्णता घाला, तो उतार फारसा वाढत नाही. आतले लहान लहान भोवरे जोर धरतात आणि घातलेली उष्णता कडेला नेऊन टाकतात.

हे सांगताना सरांनी एकदा खरोखरच टेबलावर हरभऱ्याचा ढीग केला. मारोतभाऊ दारात उभे राहून पाहत होते.

"म्हंजे सर, कितीबी वतलं तरी ढीग तेवढाच उभा राहते. बाकीचं सांडते."

"अगदी बरोबर."

"मंग काहून वतून राहिले?"

 सर म्हणाले, "मारोतभाऊ, याच प्रश्नात माझी वीस वर्षं गेली."

हरभरा मारोतभाऊंनी गोळा करून घरी नेला. प्रणालीताईच्या मते, आमच्या गटाच्या संशोधनाचा समाजाला झालेला तो पहिला थेट उपयोग होता.

*

प्रणालीताईच्या वडिलांचे गांधीबागेच्या बाजारात घाऊक कापडाचे दुकान आहे. पहिल्या वर्षी तिने त्यांना आपला विषय समजावून सांगितला. अदृश्य भांडे, आत तापलेला वायू, बाहेर निसटणारी उष्णता, सगळे. ते एका थानाची घडी घालत ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "भांडं कायचं म्हणाली?"

"चुंबकाच्या रेषांचं, बाबा. आडव्या-उभ्या गुंडाळलेल्या असतात."

त्यांनी हातातले कापड उजेडासमोर धरून दाखवले. "मग वीण सैल आहे. बाकी काही नाही."

प्रणालीताई आता म्हणते की पुढच्या सहा वर्षांत तिने दोनशेच्या वर शोधनिबंध वाचले आणि बाबांच्या वाक्यात भर घालेल असे फार थोडे सापडले.

*

यापुढचे मी स्वतः पाहिले आहे.

प्रबंधाला मराठी सारांश जोडावा लागतो. भोवऱ्यांमुळे होणाऱ्या गळतीला आमच्यात 'अनॉमलस' म्हणतात, कारण जुन्या, साध्या सिद्धांताने जेवढी गळती यायला हवी त्याच्या कितीतरी पट ती असते. प्रणालीताईने त्याचे मराठी 'विसंगत वहन' असे केले आणि सारांश तपासायला सक्करदऱ्याला राहणाऱ्या एका निवृत्त मराठीच्या शिक्षिकेकडे नेला. सोबत मी होतो. बाईंनी लाल पेनाने 'विसंगत'भोवती गोल केला.

"हे कधीतरी होतं का?"

"नाही बाई. नेहमीच होतं."

"प्रत्येक यंत्रात?"

"प्रत्येक."

"किती वर्षांपासून?"

"मोजायला लागले तेव्हापासून."

बाईंनी पेनाचे टोपण लावले. "मग प्रणाली, विसंगत उष्णता नाही. विसंगत तुमचा सिद्धांत आहे. उष्णता बिचारी नियमित आहे."

 परतताना गाडीवर, तलावाजवळच्या सिग्नलला प्रणालीताई म्हणाली, "या बाई व्हायव्हाला परीक्षक म्हणून आल्या असत्या ना, तर मी आजच घरी गेले असते."

*

मागच्या डिसेंबरात प्रणालीताईचा आलेख जुळला. दूरच्या त्या यंत्रात प्रत्यक्ष मोजलेली गळती ठिपक्यांनी दाखवली होती आणि तिच्या गणिताची रेषा बरोबर त्या ठिपक्यांमधून गेली. सात वर्षांत पहिल्यांदाच. मी समोसे आणले. मारोतभाऊंनी रेषेवरून बोट फिरवून पाहिले. "बसली ना गा बरोबर," ते मला म्हणाले.

सर आले. त्यांनी आलेख आधी जवळून पाहिला, मग लांबून. प्रणालीताई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ते खुर्चीवर बसले, समोसा हातात घेतला आणि म्हणाले, "छान. आता यातली चूक शोधा."

त्या दिवशी आम्ही हे सरांच्या स्वभावातले वाक्य समजून हसलो. नोंदवून ठेवतो की मीही हसलो होतो.

*

चूक मला सापडली. मी शोधत नव्हतो.

सरांनी मला आमच्या प्रोग्रामसाठी एककांचा तक्ता करायला सांगितले होते, कारण, त्यांच्या शब्दांत, "तू सावकाश आहेस." प्लाझ्मातल्या कणांचा एक ठरावीक वेग धरून आम्ही सगळी उष्णता मोजतो. तो वेग लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत वर्गमुळाच्या आत दोन असतो, दुसरीत नसतो. दोन्ही बरोबर, फक्त कोणती वापरली ते सांगावे लागते. आमचा प्रोग्राम दोन धरत होता. प्रयोगवाल्यांची फाईल धरत नव्हती. प्रणालीताईने आपल्या प्रोग्रामचे आकडे चुकून त्यांचा, दोन नसलेला वेग धरून बदलून घेतले होते. म्हणजे वेगात एका रूट टूचा फरक, आणि उष्णतेच्या सूत्रात तो वेग तीनदा गुणला जात असल्यामुळे शेवटी जवळजवळ तिपटीचा. रेषा ठिपक्यांवर बसली ती या फरकामुळे. खऱ्या हिशेबाने ती ठिपक्यांच्या बरीच वर होती.

हे मला एप्रिलमधल्या एका मंगळवारी दिसले. मी तीन वेळा पडताळून पाहिले आणि शुक्रवारी तिला सांगितले. तेव्हा मुदतीला अकरा दिवस उरले होते.

तिने तक्ता शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून. पण खात्री नव्हती, ताई."

"आता आहे?"

"आता आहे."

"नसती झाली तर बरं झालं असतं रे."

*

त्याच दुपारी ती सरांकडे गेली. मी तक्ता घेऊन मागे उभा होतो. सरांनी तो वाचला. त्यांना आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही; पण सरांना आश्चर्य वाटल्याचे कधीच दिसत नाही, त्यामुळे मी त्यातून काही निष्कर्ष काढत नाही.

"तापमानाचा उतार थोडा कमी करून बघ," ते म्हणाले. "मोजताना तेवढी चूक त्यांचीही होतेच. गळती एकदम खाली येईल. जुळेल."

तिने केले. चारच्या सुमारास रेषा पुन्हा ठिपक्यांवर बसली, अगदी डिसेंबरसारखी. प्रणालीताईने दोन्ही आलेख छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. चुकीचा कोणता आणि बरोबर कोणता, हे पाठीमागे पेन्सिलने लिहिल्याशिवाय ओळखता येत नव्हते.

"सर, चुकीचं गणितही जुळतं आणि बरोबरही जुळतं. उतार जरासा सरकवला की काहीही जुळतं. मग मी सात वर्षं काय मोजलं?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"ढीग," ते म्हणाले.

*

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. उतार सरकवून जुळवलेला आलेख लावायचा, खाली बारीक टीप टाकायची आणि प्रबंध दाखल करायचा. किंवा ते प्रकरण काढून, गणितातले भोवरे प्रयोगात स्वतंत्रपणे मोजलेल्या भोवऱ्यांशी ताडून पाहायचे, म्हणजे जुळण्याला काही अर्थ उरेल. पहिल्याला चार दिवस लागले असते, दुसऱ्याला निदान आठ महिने. सर म्हणाले, "टीप पुरते." मीही तेच म्हणालो. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

रविवारी ती गांधीबागेत दुकानी गेली आणि वडिलांना सगळे सांगितले. माझी गाडी तिने नेली होती, ती परत घ्यायला मी गेलो, म्हणून हे माझ्यासमोर झाले. काकांनी शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे त्यांचं माप वारात होतं आणि तुझं मीटरात."

"असंच समजा, बाबा."

"अन् कोणी विचारलं नाही?"

"काय?"

"अगं, आपल्या बाजारात थान हाती घेतलं की माणूस पहिले इचारते. वारात का मीटरात? भाव मागाहून."

 काकांनी माझ्याकडे पाहिले. मी गाडीची किल्ली घेतली.

सोमवारी तिने मुदतवाढीचा अर्ज केला.

*

अर्जाच्या छापील नमुन्यात कारणासाठी तीन रकाने होते. आजारपण, प्रसूती, इतर. प्रणालीताईने 'इतर'पुढे जागा पुरेल एवढेच लिहिले. "√2 संदर्भातील चुकीमुळे एका प्रकरणाची फेरमांडणी." सरांनी सही केली.

अर्ज तीन दिवसांत परत आला. "कारण अस्पष्ट. √2 बाबत पुरावा जोडलेला नाही."

प्रणालीताई त्या दिवशी पोट धरून हसली. रूट टू दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येत नाही, याचा पुरावा तिने कोऱ्या कागदावर पाच ओळींत मांडला, खाली सही केली आणि अर्जाला टाचला. मी म्हणालो, "ताई, हे पाठवू नकोस." तिने पाठवले.

दुसऱ्यांदा आलेला शेरा असा होता. "सदर पुराव्याचा विलंबाशी संबंध स्पष्ट होत नाही. नामंजूर."

शेवटच्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत प्रबंधाची टीप टाकलेली प्रत तिच्या टेबलावर होती, बांधून तयार. सरांनी दोनदा दारातून पाहिले. मी एकदा प्रत उचलून तिच्या हातात दिली. तिने ती पुन्हा टेबलावर ठेवली, मुदतीचे पत्र जिथे होते त्या काचेवर. साडेपाचला मारोतभाऊंनी खिडक्या लावल्या.

*

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी ती ड्रॉवर रिकामा करायला आली. बेसा भागातल्या एका शिकवणीत नववी-दहावीचे गणित घ्यायचे तिचे ठरले होते. त्याच दिवशी विभागात नवे पांढरे फळे बसवत होते आणि आमच्या खोलीतला जुना फळा उतरवायचा होता. मारोतभाऊ ओले फडके घेऊन त्या कोपऱ्यापुढे उभे होते.

"ताई, हे आता पुसू का? फळा जाऊन राहिला."

प्रणालीताईच्या हातात वह्या होत्या. आमचे संगणक समोरच्या भिंतीला लागून आहेत, त्यामुळे गेले दोन आठवडे, रात्रंदिवस रूट टूविषयीच बोलताना, त्या फळ्याकडे आमची पाठ होती. तिने चौकटीकडे पाहिले आणि वह्या खाली ठेवल्या.

"भाऊ, हे लिहिलं कोणी होतं?"

"होता एक पोरगा. सरांचा पैलाच. उंच होता, चष्मा होता. तुमच्यावानीच त्या मशीनवर बसे."

"मग?"

"मग सोडून गेला. बँकेत लागला म्हनते. जायच्या दिवशी हे लिवलं त्यानं. मले बोल्ला, भाऊ, हे पुसू नका. कोनी ना कोनी इचारीनच, हे काय व्हय म्हून. तवा त्याले माझा नंबर द्या." मारोतभाऊंनी फडके पिळले. "मी नंबर लिवून ठेवला होता. दोनदा नवी डायरी केली, दोन्हीत उतरवला. पन कोनी इचारलंच नाही वं, ताई."

प्रणालीताईने विचारले, "सर होते तेव्हा?"

"होते ना. या खुर्चीतच. त्यायच्यासमोरच लिवलं त्यानं."

"काही म्हणाले?"

"डोये मिटून बसले होते."

"झोपले होते?"

मारोतभाऊंनी विचार केला. ते खोटे बोलत नाहीत, हे मी पाच वर्षांच्या ओळखीवरून सांगू शकतो. "ते मले नाही सांगता येत," ते म्हणाले.

प्रणालीताईने त्यांच्या हातातले फडके घेतले आणि बादलीत टाकले. फळा तसाच उतरवला गेला. आता तो गच्चीच्या जिन्यात, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. नंबर मारोतभाऊंनी मला दिला. तो लागतो, पलीकडे घंटा वाजते, कोणी उचलत नाही. त्या मुलाचे नाव विभागाच्या जुन्या नोंदवहीत मला सापडले आणि अक्षर फळ्यावरच्या अक्षराशी जुळते, इतपत मी खात्रीने सांगतो. ढोबळे सर त्या वेळी जागे होते की नाही, एवढे मात्र मला पडताळता आलेले नाही. मी त्यांना अजून विचारलेले नाही.